मोजणीच्या नकाशावर दोन रेषा: हद्द कोणती धरायची?

शेवंता

नमस्कार मंडळी. वडील गेले त्याला आता वर्ष होईल. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि भावाचं नाव लागलं. आता जमिनीचं आपणच बघायचं म्हणून त्यांची कागदांची पत्र्याची पेटी उघडली. आमच्या गटाचे तीन नकाशे समोर आहेत आणि तिन्हींत काहीतरी वेगळंच दिसतंय.

पहिला गाव नकाशाचा तुकडा. त्यात आमच्या गटातून, पूर्वेच्या कडेपासून थोड्या आत, दोन तुटक रेषा शेजारीशेजारी उत्तर-दक्षिण जातात. दुसरा भावाने भू-नकाशाच्या संकेतस्थळावरून काढलेला. त्यात या तुटक रेषा नाहीतच. तिसरी वडिलांनी पूर्वी करून घेतलेल्या मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारा नकाशा. तिच्यात पूर्वेला एक सलग रेष आणि एक तुटक रेष आहे. उत्तरेच्या कोपऱ्यात दोन्ही एकाच ठिकाणी सुरू होतात आणि दक्षिणेकडे जाता जाता फाकतात. मध्ये लांबट पाचर होते, तिच्यात बारीक अक्षरात ०.०३ लिहिलंय. कोपऱ्यांवर छोटे गोल, गोलांशेजारी आकडे.

पूर्वेच्या शेजारच्या आबांचं म्हणणं, "गाव नकाशातली तुटक रेष हीच आपली हद्द. तुझ्या बापाला सगळं ठाऊक होतं." वडील आमच्याजवळ असं कधी बोलले नाहीत. आबा खोटं बोलणारे नाहीत, लहानपणापासून बघतेय, म्हणून तर डोकं चालेनासं झालंय. आबांची रेष धरली तर आमची पूर्वेची सगळी पट्टी जाते.

यातली कोणती रेष हद्दीची? ०.०३ म्हणजे काय? आणि गोल कशाचे?

वाटसरू

तिन्हींचे फोटो टाका. नावं आणि गट नंबर झाकून.

साखळीवाला

शेवंताताई, भूमी अभिलेख खात्यात आयुष्य गेलं माझं, भूकरमापक म्हणून लागलो होतो. जमेल तेवढं सांगतो.

आधी गाव नकाशा. त्यात हद्दीची रेष सलग असते. तुटक रेष दिसली की आधी रस्ता आहे का बघायचं. एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. हे दोन्ही ज्या नंबरातून जातात त्याच नंबराच्या क्षेत्रात मोडतात, पोटखराब म्हणजे लागवडीला न येणारी जमीन म्हणून. म्हणजे तुमच्या गटातली दुहेरी तुटक रेष ही जुनी गाडीवाट. ती तुमच्या जमिनीतून जाते, तुमची जमीन तिथे संपत नाही. सातबाऱ्यावर पोटखराब्याचा रकाना बघा, तिथे क्षेत्र असेल.

आबांचा समज कुठून आला असेल तेही लक्षात येतं. जुन्या माणसांना वाट आठवते आणि वाटेपलीकडचं दुसऱ्याचं असं डोक्यात बसतं.

आता 'क' प्रत. मोजणी करताना आम्ही दोन गोष्टी टिपतो: आज माणूस कुठवर कसतो, आणि अभिलेखाप्रमाणे हद्द कुठे येते. दोन्ही जुळल्या तर एकच रेष. नाही जुळल्या तर दोन रेषा, आणि मधल्या जागेचं क्षेत्र लिहून ठेवायचं. तुमचं ०.०३ म्हणजे ०.०३ हेक्टर, ३ आर. तीन गुंठ्यांना किंचित कमी, कारण गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चौरस मीटरचा.

साधारणपणे सलग रेष अभिलेखाची आणि तुटक रेष वहिवाटीची असते.

काळीमाती

@साखळीवाला, शेवटच्या वाक्याशी असहमत. आमच्या 'क' प्रतीवर वहिवाट सलग आहे आणि अभिलेखाची हद्द रंगीत तुटक रेषेने काढलीय. आम्ही तुमच्यासारखंच गृहीत धरलं आणि उलट्या बाजूला तारेचं कुंपण घातलं. सिमेंटचे बावीस खांब पुन्हा उपटून पुरावे लागले. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात टीप असते, तीच वाचायची.

साखळीवाला

काळीमाती, बरोबर बोललात, 'साधारणपणे' म्हणायला नको होतं. ताई, टीप वाचल्याशिवाय माझं वरचं शेवटचं वाक्य धरू नका. आणि एक सांगा, तुमची पूर्व बाजू लांबीला किती आहे?

शेवंता

पावलं मोजून साधारण दीडशे मीटर. टीप वाचायला भिंग लागणार, झेरॉक्सची झेरॉक्स आहे. मूळ प्रत शोधते.

साखळीवाला

दीडशे मीटर असेल तर हिशोब सोपा आहे. पाचर त्रिकोणी. ३ आर म्हणजे ३०० चौरस मीटर. दीडशे गुणिले रुंदी भागिले दोन बरोबर तीनशे, म्हणजे दक्षिणेच्या टोकाला रुंदी ४ मीटर. तेरा फूट. उत्तरेच्या कोपऱ्यात काही वाद नाही, दक्षिणेच्या कोपऱ्यात तेरा फुटांचा प्रश्न आहे. एवढं डोक्यात ठेवून एकदा दक्षिणेच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहा.

पाटपाणी

मस्त! ३ आर ऐकल्यावर काहीच दिसत नव्हतं, तेरा फूट म्हटल्यावर बांध दिसायला लागला.

मोबाईलमास्तर

एवढा त्रास कशाला? संकेतस्थळावरचा गट नकाशा उपग्रह छायाचित्रावर बसवा, मोबाईल हातात घ्या आणि हद्दीवरून चाला. मी आमच्या गटाचं असंच केलं, अर्ध्या तासात काम झालं.

काळीमाती

@मोबाईलमास्तर, साध्या मोबाईलचा जीपीएस उघड्या रानातही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. ताईंचा सगळा वादच चार मीटरचा आहे.

रेघोटी

काळीमातींना जोड देते. मी नकाशे काढण्याच्याच कामात आहे. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेष जमिनीवर ५ मीटर रुंद होते. म्हणजे ताईंची अख्खी पाचर त्या रेषेच्या जाडीत लपेल. त्यामुळे गाव नकाशावर पट्टी ठेवून बांध ठरवता येत नाही. कोणत्या नंबराशेजारी कोणता नंबर, वाट कुठून जाते, ओढा कुठे, हे कळण्यासाठी तो आहे. १:१००० च्या मोजणी नकाशावर तीच रेष अर्ध्या मीटरची होते, तिथे बोलता येतं.

झेरॉक्सवर तर पट्टी लावूच नका. यंत्र नकळत थोडं लहानमोठं करतं. नकाशावर लिहिलेला आकडा वाचायचा, काढलेली लांबी मोजायची नाही.

मोबाईलमास्तर

हे लक्षात आलं नव्हतं. आमच्या गटाभोवती नशिबाने रस्ता आणि ओढा आहे, म्हणून जमलं असावं. धन्यवाद.

गुंठाभर

थोडं अवांतर: आमचं घर गावठाणात आहे. तिथे सातबारा नाही, नकाशा नाही, पिढ्यानपिढ्या भिंतीवरून वाद. २०२० साली स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाण मोजलं, मालमत्ता पत्रक हातात आलं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत त्याची सुरुवात झाली होती. ड्रोन यायच्या आधी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या कडेला चुन्याच्या रेघा मारायच्या होत्या. आमची आजी आणि शेजारची काकू, दोघी एकाच घमेल्यातला चुना घेऊन एकमेकींसमोर उभ्या! दुपारपर्यंत एकच रेघ मारली, पण दोघींच्या संमतीने. नकाशातही तीच आली.

वाटसरू

आजी आणि काकूंना नमस्कार सांगा.

टाचण

मूळ विषयावर. ताई, तुमचा गट आहे म्हणजे गावात एकत्रीकरण योजना झालेली आहे. १९४७ च्या कायद्याखाली जुने सर्व्हे नंबर आणि त्यांचे हिस्से एकत्र करून गट पाडले. तेव्हा जुन्या कोणत्या नंबरांचा तुमचा गट झाला ते आधी काढा. आमच्या बाबतीत सगळा घोळ तिथेच होता. शेजारी जुन्या सर्व्हे नंबराचं टिपण, म्हणजे मूळ मोजणीची मापं लिहिलेला कच्चा नकाशा, घेऊन भांडत होता आणि आम्ही गटाचा नकाशा घेऊन.

टिपण मिळालं तर जरूर घ्या. माझ्या हातात पहिल्यांदा आलं तेव्हा काही कळलं नाही. शेताच्या आतून एक लांब सरळ रेष, तिच्यावरून दोन्ही बाजूंना लंब टाकलेले, सगळीकडे बारीक आकडे. नंतर एका म्हाताऱ्या मोजणीदाराने समजावलं की ते आकडे साखळी आणि आण्यांचे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ७ साखळ्या ४ आणे लिहिलं असेल तर सव्वासात गुणिले ३३, म्हणजे २३९ फूट ३ इंच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे बरोबर एक गुंठा, १०८९ चौरस फूट. हे कळलं आणि आमच्या शेताचा आकार त्या पिवळ्या कागदातून उभा राहिला. ज्याने तो भरला त्याने साखळी ओढत प्रत्येक कोपरा चालून बघितला असणार. मला तो कागद फार मोलाचा वाटतो.

साखळीवाला

टाचण, तुम्ही टिपण बरोबर वाचायला शिकलात. साखळी ओढणारा एक आणि आकडा पुकारणारा एक, असं आम्हीही नोकरीच्या सुरुवातीला केलंय. नंतर फलकयंत्र, मग ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक यंत्र, आता उपग्रहाच्या संकेतांवर चालणारा रोव्हर. यंत्र बदललं तरी बसवायचं असतं ते टिपणच.

शेवंता

मूळ 'क' प्रत सापडली. भिंगाखाली टीप वाचली: सलग रेष अभिलेखाप्रमाणे हद्द, तुटक रेष वहिवाट. साखळीवाला काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

पण आता वेगळंच पुढे आलं. तुटक रेष सलग रेषेच्या पूर्वेला आहे, आबांच्या बाजूला. चारचारदा उत्तर दिशेचा बाण बघून खात्री केली. म्हणजे आमची वहिवाट अभिलेखाच्या हद्दीपलीकडे गेलीय. ते ३ आर आबांचे आहेत आणि आम्ही कसतोय.

'तुझ्या बापाला ठाऊक होतं' म्हणजे हेच का? रात्रभर झोप लागली नाही.

पाटपाणी

अरे बापरे.

काळीमाती

ताई, यात वडिलांनी काही केलं असेलच असं नाही. बांध सरकतो. दर वर्षी नांगराचा एक तास, म्हणजे एक चर, बांधाला लागून गेला की वीतभर माती इकडची तिकडे. आमच्याकडे म्हणतात, बांध कोणी कोरत नाही, तो कोरला जातो. ट्रॅक्टर आल्यापासून तर एका हंगामात हातभर जातो. उत्तरेला काहीच फरक नाही आणि दक्षिणेला तेरा फूट. बहुतेक दक्षिणेच्या टोकाची खूण हरवली आणि प्रत्येकाने नजरेने सरळ रेष धरली.

वकीलसाहेब

कायद्याच्या बाजूने दोन शब्द. 'क' प्रत हा मालकीचा दस्त नव्हे. हद्द कुठे येते याचा तो सरकारी मोजणीचा पुरावा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १३२ पासून पुढे हद्दी आणि हद्दीच्या खुणांचं प्रकरण आहे, एकदा वाचून काढा. आपल्या धारण जमिनीच्या हद्दीच्या खुणा नीट ठेवण्याची जबाबदारी कलम १४० ने जमीनधारकावर टाकली आहे. खुणा नष्ट करणाऱ्याला कलम १४५ खाली दंड आहे.

आणि ताई, घाईने काही लिहून देऊ नका. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ६५ प्रमाणे उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध १२ वर्षं ताबा असेल तर प्रतिकूल ताब्याचा मुद्दा उभा राहतो. तुमची वहिवाट त्याहून जुनी दिसते.

टाचण

@वकीलसाहेब, कायदा तुम्हाला जास्त कळतो, पण हा सल्ला मला पटला नाही. ताईंनी विचारलं ते रेष कोणती खरी. ती कळल्यावर शेजाऱ्याचे तीन गुंठे दाबून बसायची वाट दाखवायची?

वकीलसाहेब

दाबून बसा म्हणालो नाही. निर्णय घेण्याआधी आपली बाजू पूर्ण माहीत असावी, एवढंच. प्रतिकूल ताबा सिद्ध करणं सोपं नाही हेही सांगतो. दोघांनाही हद्द कुठे आहे हे माहीतच नव्हतं, चुकून कसत होतो, असं असेल तर तो मुद्दा टिकवणं फार अवघड जातं.

साखळीवाला

ताई, कागदावर भांडू नका आणि कागदावरच सोडूनही देऊ नका. आधी हद्द कायम मोजणी मागा. जुनी मोजणी झाली तेव्हा खुणा दाखवल्या असतील, पण आज त्या जागेवर नाहीत. अर्ज तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात. लगतधारक म्हणून आबांना नोटीस जाईल, पण त्यांना नोटीस मिळायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा. नोटिशीने माणूस दुखावतो.

छोट्या गोलांचं उत्तर राहिलं होतं. ते खुणांचे बिंदू. शेजारचे आकडे एका खुणेपासून दुसरीपर्यंतचं अंतर असतं. दक्षिणेच्या गोलापासून पुढच्या गोलापर्यंतचा आकडा वाचा आणि टेप घेऊन जमिनीवर ताणून बघा. खूण कुठे शोधायची ते कळेल.

मोजणी पटली नाही तर तुम्ही किंवा आबा निमताना मोजणी, म्हणजे फेरतपासणीची मोजणी, मागू शकता, ती उप अधीक्षक स्वतः करतात. तीही पटली नाही तर सुपर निमताना जिल्हा अधीक्षकांकडे.

रानवारा

धागा वाचून माझा प्रश्न: आमच्या सातबाऱ्यावर १/१, १/२, १/३ असे हिस्से आहेत. तिन्ही भावांचे वेगळे सातबारे. पण नकाशा मागितला तर अख्ख्या गटाचाच मिळतो, आत एकही रेष नाही. हे कसं?

साखळीवाला

रानवारा, कारण तुमचं वाटप कागदावर झालं, जमिनीवर मोजलं गेलं नाही. क्षेत्र वाटलं, रेष कोणी ओढली नाही. असे सातबारे गावोगाव आहेत. पोटहिस्सा मोजणी करून घ्या, तिन्ही भाऊ हजर असताना. त्यानंतर नकाशात आतल्या रेषा येतात. आज तुम्हा भावांत गोडी आहे तोवर करा, पुढच्या पिढीवर ठेवू नका.

रानवारा

आजच थोरल्याला फोन केला.

शेवंता (अडीच महिन्यांनी)

सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं, माफ करा.

अर्ज करायच्या आदल्या संध्याकाळी आई आणि मी आबांकडे गेलो. 'क' प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं की तुटक रेष तुमच्या बाजूला आहे. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ती मोजणी झाली तेव्हा वडील त्यांच्याकडे आले होते, पीक निघालं की सोडतो म्हणाले होते. त्याच वर्षी आबांच्या मुलाचं आजारपण निघालं, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, गाडीतून वडीलच न्यायचे. विषय मागे पडला तो पडलाच. आबांना एवढंच आठवत होतं की नकाशात कुठलीतरी तुटक रेष होती आणि तिच्यावरून बोलणं झालं होतं. गाव नकाशा हातात आला तेव्हा त्यातली तुटक रेष म्हणजेच ती रेष असं त्यांनी धरलं. गाडीवाटही त्यांना आठवते, लहानपणी बैलगाडीतून तिथूनच जायचे.

मोजणी झाली. रोव्हर घेऊन दोघं आले, सकाळपासून दुपारपर्यंत. दक्षिणेच्या कोपऱ्यावर यंत्राने जी जागा दाखवली ती आमच्या बांधापासून आमच्याच रानात, घाणेरीच्या जाळीत. भावाने कोयत्याने जाळी तोडली, पहारीने खणलं. दीड हातावर दगड लागला. घडीव, माथा सपाट. हलवायचा नाही म्हणाले, तसाच राहू दिला. बांधापासून टेप धरला, बारा फूट दहा इंच भरले. साखळीवाला काका, तुमचे तेरा फूट!

पाचरीतला ऊस तुटेपर्यंत थांबा, असं आबाच म्हणाले. तो निघाला की नवा बांध घालायचा, मजुरी निम्मी-निम्मी. वकीलसाहेब, तुमचा मुद्दा घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. आई म्हणाली, ह्यांनी शब्द दिलेला होता.

आता एकच विचारते. दगड पुन्हा हरवू नये म्हणून काय करू?

साखळीवाला

ताई, वाचून फार बरं वाटलं.

दगडाच्या चारी बाजूंनी हातभर माती मोकळी करा आणि भोवती खडीचा थर द्या, म्हणजे नांगर जवळ गेला तर आवाजाने कळेल. माथा जमिनीच्या वर दिसू दे, वर्षातून एकदा चुना लावा. जवळपास न हलणारं काही असेल, विहिरीचा कठडा, विजेचा खांब, जुनं झाड, तर अशा दोन ठिकाणांहून दगडापर्यंत टेपने अंतर घ्या आणि ते 'क' प्रतीच्या झेरॉक्सवर लिहा. मूळ प्रतीवर पेन लावायचा नाही. त्या झेरॉक्सवर तुमची आणि आबांची सही, तारीख. एक प्रत तुमच्या पेटीत, एक आबांच्या.

शेवंता

विहिरीच्या कठड्यापासून ४१ फूट ६ इंच, बाभळीपासून २७ फूट. टेपचं दुसरं टोक आबांनी धरलं होतं.

टाचण

बाभूळ कुणी तोडेल, ताई. तिसरं अंतरही घेऊन ठेवा.

शेवंता

विजेच्या खांबापासून घेतलं. ६३ फूट २ इंच.